कडेला जागा सोडा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी फोन हातात घेतला की पहिल्या पाच मिनिटांत किती शहाणपण पदरात पडतं, तुम्हीच सांगा. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि त्याखाली एक सुविचार. चष्मा शोधून तो वाचेपर्यंत दुसरा येऊन पडतो. याबद्दल माझं एक मत आहे. घरात सगळ्यांना ते पाठ आहे, तरी सांगतो. 1910 साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून आपल्या बडोद्याला बोलावलं. ग्रंथालयं उभी राहिली, आणि लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत फिरू लागली. आता पेटीतलं पुस्तक म्हटलं की ते परत द्यायचं असतं. परत द्यायचं असलं की माणूस ते वाचून तरी काढतो. फोनवरचा सुविचार परत द्यायचा नसतो, नुसता पुढे ढकलायचा असतो. असो.

आज बोलायचं आहे ते जुन्या शहाणपणाबद्दल. आजच्या संसारात ते कुठे उपयोगी पडतं का? मोठमोठी वचनं मी आणलेली नाहीत. एकच गोष्ट आणली आहे, आणि तीही कागदाबद्दलची.

समर्थ रामदासांच्या दासबोधात 20 दशकं आहेत, प्रत्येक दशकात 10 समास. त्यातली मूर्खाची लक्षणं आपल्याला चांगली पाठ असतात, कारण ती शेजाऱ्याला लावता येतात. पण 19व्या दशकाचा पहिला समास काढून बघा. तिथे समर्थ चक्क अक्षर कसं काढावं ते शिकवतात. शाई काळी हवी, ओळी सरळ हव्यात, सबंध पोथी एकाच टाकाने उतरवल्यासारखी दिसायला हवी. नाना ठिकाणचे बोरू आणून ठेवा म्हणतात. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका, म्हातारपणी ते कामाला येणार नाही, मध्यम काढा, असंही सांगतात. औषधाच्या पाकिटावर तारीख छापणाऱ्यांच्या हातात हा समास कोणीतरी द्यायला हवा. माझी काही तक्रार नाही, पण सत्तरीतल्या माणसाने ती तारीख वाचायची कशी?

तर त्या समासात एक ओवी आहे. तिचा मतलब असा, की पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा आणि मजकूर मधोमध लिहा. कागद झडला तर खुशाल झडू दे, अक्षराला धक्का लागता कामा नये.

पुन्हा सांगतो. कडेला जागा सोडा. कागद झडणारच आहे हे समर्थांनी धरून चाललेलं आहे. झडू नये म्हणून काय करावं, हा उपदेश इथे नाही. झडेल ते कडेचं झडावं, एवढीच सोय आहे.

आपल्या प्राच्यविद्या मंदिरात, 1927 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत, हजारो हस्तलिखितं आहेत. जुनी पोथी कोणी जपून उघडून दाखवली, तर आधी कडा बघा. कुरतडलेल्या असतात, डागाळलेल्या असतात, आणि मधला मजकूर पुष्कळदा धडधाकट असतो. त्या कोऱ्या जागेचा आणखी एक उपयोग होता. लिहिताना एखादं अक्षर, एखादा शब्द सुटला, की ओळीत खूण करून तो कडेला लिहीत. म्हणजे झीज सोसायलाही तीच जागा आणि चूक सुधारायलाही तीच.

हे सगळं मला पोथीतून कळलं असतं तर मी मोठा विद्वान ठरलो असतो. मला कळलं ते एका लग्नात. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववणार नाही.

दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक नाना राहत. जुने कारकून. आयुष्यभर कागदांत वावरलेले. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं, मुलाकडची मंडळी पुण्याची. मे महिना, गोरज मुहूर्त, सात वाजून चार मिनिटं. लग्नाची सगळी व्यवस्था नानांच्या पुतण्याकडे. पुतण्याचा धंदाच तो, लग्नं उभी करून देण्याचा. त्याने एक तक्ता केला. चार वाजता वऱ्हाडाला चहा, सव्वाचारला फुलंवाला, साडेचारला रुखवत मांडून तयार. प्रत्येक माणसाच्या नावापुढे काम, प्रत्येक गाडीपुढे फेरी. मामीकडे दागिने, मावशीकडे अक्षता, धाकट्या काकांकडे स्टेशन. तक्ता खरोखर देखणा होता, मी स्वतः पाहिला.

नानांनी तो चष्म्यातून वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात मोकळा कोण आहे?"

पुतण्या अभिमानाने म्हणाला, "कोणीच नाही, नाना. एक माणूस वाया घालवलेला नाही."

"मग लग्न लागणार कसं?" नाना म्हणाले.

आणि त्यांनी बाळूकाकांना बोलावलं. बाळूकाका म्हणजे नात्यातले, पण नातं कुठून लागतं ते कोणालाच नीट सांगता येत नसे. अंगाने भारदस्त, स्वभावाने सरळ. नानांनी त्यांना कारेलीबागेतल्या त्या हॉलच्या फाटकापाशी खुर्ची टाकून दिली. खिशात स्कूटरची किल्ली आणि घराची दुसरी किल्ली घातली आणि सांगितलं, "इथे बसायचं. काहीही करायचं नाही."

श्रोतेहो, लग्नघरात रिकामा माणूस कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही? मावशी आल्या आणि अक्षतांचं तबक त्यांच्या हातात देऊन गेल्या. नानांनी ते काढून घेतलं. कोणीतरी मूल त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. नानांनी मूल ज्याचं त्याला नेऊन दिलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यांना पाणी आणायला पिटाळलं, तेव्हा नाना स्वतः पाणी घेऊन आले. शेवटी बाळूकाकाच कंटाळले. म्हणाले, "नाना, निदान अत्तर तरी लावतो लोकांना." नाना म्हणाले, "बसा."

साडेसहा वाजले. गुरुजींनी हाक मारली, "अंतरपाट आणा." अंतरपाट नाही. इस्त्री करून ठेवलेला तो घरीच राहिला होता, दांडिया बाजारात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, एखादा शेला धरायचा. गुरुजींचीही ना नव्हती. पण मुलीच्या आजी हटून बसल्या. त्या घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं त्याच अंतरपाटाने लागली होती, आणि ही शेवटची नात. आजींपुढे कोण बोलणार?

पुतण्याने तक्ता काढला. या गाडीला पाठवावं तर ती पाहुण्यांना आणायला गेलेली. त्या भावाला पाठवावं तर तो स्वयंपाकघरात अडकलेला. घराची किल्ली मामीकडे, आणि मामी नवरीला सोडून हलायला तयार नाही. ज्याला हात लावावा तो दुसऱ्या कशाला तरी बांधलेला. पुतण्याचा चेहरा बघवत नव्हता. आणि नाना? नानांनी नुसतं फाटकाकडे पाहिलं.

बाळूकाका उठले, धोतर झटकलं, स्कूटरला किक मारली. संध्याकाळची वेळ, मांडवीकडे गर्दीचा महापूर, म्हणून ते गल्लीबोळांतून गेले. इकडे सगळ्यांच्या नजरा घड्याळाकडे. "वाटेत सेव-उसळ खायला नाही ना थांबले?" असंही कोणीतरी बोललं. बडोद्याच्या माणसावर हा संशय घेणं रास्तच आहे. सात वाजायच्या आत बाळूकाका परत. काखेत अंतरपाट, आणि हातात मुलीच्या काकूची पर्स. ती काकू विसरल्या होत्या, पण अजून त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

लग्न वेळेवर लागलं. जेवणं बुफेची होती, त्याबद्दल मी बोलणार नाही. एवढंच म्हणतो, की पंगतीत पाहुणा एक वाढला तर पाट सरकवता येत असे. बुफेच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कोण सरकवून घेतो?

तर जेवणं झाल्यावर पुतण्या नानांजवळ येऊन बसला. म्हणाला, "नाना, अंतरपाट राहणार हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

नाना म्हणाले, "अंतरपाट राहील हे मला कसं ठाऊक असणार? काहीतरी राहणार, एवढं ठाऊक होतं."

बघा. दासबोधातली ओवी हीच. कुठला कोपरा झडेल ते समर्थांनाही ठाऊक नव्हतं. कोपरा झडतो, एवढं ठाऊक होतं. म्हणून चारी बाजूंना जागा.

आता माझा वेळ गोष्टीनेच खाल्ला, तेव्हा उरलेलं भरभर सांगतो. पगार हातात आला की पहिल्या आठवड्यातच सगळा हप्त्यांत वाटून टाकू नका. हप्ते भरून महिनाअखेरीला काही उरतं का, ते पाहूनच पुढची वस्तू घ्या. मुलांची शाळा, शाळेहून क्लास, क्लासहून पोहणं, पोहण्याहून चित्रकला, असा दिवस आखला असेल तर त्यातली एक संध्याकाळ कोरी ठेवा. कशासाठी, असं मूल विचारील. सांगू नका. डॉक्टरांची वेळ चारची आणि बँकेची पाचची, असं घेऊ नका. स्टेशनवर गाडीच्या आधी पोचा, तिथल्या बाकावर बसायला पैसे पडत नाहीत. आणि घराची दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे असू द्या. ही तर साधी गोष्ट आहे, पण किती घरांत दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असतात!

कोणी म्हणेल, आम्हाला परवडत नाही, आमच्याकडे रिकामा माणूसही नाही आणि रिकामा पैसाही. खरं आहे. जुन्या काळी कागदसुद्धा महागच होता. तरीही पोथी लिहिणारा कडेला जागा सोडत होता.

पुतण्याचा धंदा आता जोरात चालतो. त्याच्या प्रत्येक तक्त्यात शेवटच्या ओळीत एक नाव असतं आणि पुढचा रकाना कोरा. गिऱ्हाइकाकडून त्या कोऱ्या रकान्याचे तो वेगळे पैसे घेतो. बाळूकाकांना त्यातला रुपयाही मिळालेला नाही, आणि त्यांनी मागितलेलाही नाही. मी मात्र पुतण्याला दोनदा बोललो आहे.

नमस्कार.