खाजे, दाढ आणि काच

गोव्याच्या जत्रेतलं खाजे. बेसनाच्या काड्या, वर गुळाचं कवच, आल्याचा झणका. जीआय मानांकन मिळालेला हा खाऊ फोंड्याच्या एका काकींनी दाढेखाली धरला आणि कट्‌ झालं. रूट कॅनल कधीच झालं होतं, कॅप तेवढी ‘मागाहून बघू’ म्हणून राहिली होती. अशी एखादी दाढ बहुतेक घरांत असतेच.

आता कॅप कशाची?

डॉक्टर आधी पूड दाखवतात. फेल्डस्पार या खनिजाची. पाण्यात कालवायची, ब्रशने थरावर थर द्यायचे, भट्टीत भाजायची. प्रकाश आत शिरून परततो, म्हणून पुढचा दात जिवंत दिसतो. पण शेवटी ती काचच. वाकवणारा ताण सोसते जेमतेम 60 ते 100 मेगापास्कल (हे ताण मोजायचं एकक). तिला 1960च्या दशकात धातूचा आधार मिळाला. कॅपा टिकल्या, पण हिरडी मागे सरकली की काठाला करडी रेघ.

मग येतो जांभळा ठोकळा.

“जांभळा दात घालून मी देवळात जाऊ?” काकी विचारतात.

हे लिथियम डायसिलिकेट. कोरून 850 अंशांच्या आसपास तापवलं, की आत सुईसारखे स्फटिक वाढतात आणि दाताचा रंग उमटतो. ताकद 400 मेगापास्कलच्या घरात. यात काच शिल्लक असते. म्हणून कॅप आतून ॲसिडने खरबरीत करून दाताला पक्की चिकटवता येते.

तिसरा पर्याय झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड. त्यात मात्र काच नाहीच. खडूसारख्या चकतीतून कॅप मुद्दाम मोठी कोरतात, कारण 1500 अंशांच्या भट्टीत ती सुमारे 20 टक्के आटते. ताकद 900 ते 1200. खरी गंमत पुढेच आहे. थोडं यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) घालून झिर्कोनियाचे कण एका अवघडलेल्या रूपात धरून ठेवलेले असतात. तडा जवळ आला, की तिथले कण रूप पालटतात, 4 टक्क्यांच्या आसपास फुगतात आणि तड्याचं तोंड आवळून धरतात. 1975 साली संशोधकांनी अशा झिर्कोनियाला ‘सिरॅमिक स्टील?’ म्हटलं, प्रश्नचिन्हासकट.

पण प्रकाश अडतो. यिट्रिया वाढवलं तर तो आत शिरतो, आणि तडा आवळण्याची ती करामत ओसरते.

काकींची दाढ पार मागची, हसताना न दिसणारी. झिर्कोनिया ठरलं. डॉक्टर त्यांना खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन रंग जुळवतात.

“शिरगावच्या जत्रेआधी बसेल ना, डॉक्टर?”