कुरोडीचं वजन

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत निवृत्तीनंतरच्या घरगुती धंद्यावर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, एप्रिलच्या उन्हात तुम्ही घराबाहेर पडलात, म्हणजे विषयात काही तरी दम असावा. नाही तर हॉलचा कूलर चांगला असावा.

मी सरकारी खात्याच्या लेखा शाखेत पस्तीस वर्षं लोकांची बिलं तपासली. निवृत्त झाल्यावर महिनाभर बरं वाटलं, मग बायकोच्या स्वयंपाकघराचं ऑडिट करू लागलो. ती एक दिवस म्हणाली, "तुम्ही घरात बसून राहिले तर मी माहेरी जाते." आमचा धंदा त्या वाक्यातून सुरू झाला.

तिच्या कुरोड्या नातेवाइकांत प्रसिद्ध. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. वाळवायला आपलं ऊन फुकट, तेही ४५ अंशांचं. पुण्या-हैदराबादेत नोकरीला गेलेली आपली पोरं आईच्या हातच्या वाळवणाला आसुसलेली असतात. मी हिशेब मांडला, ऑनलाइन विकायचं ठरवलं, आणि तिथेच आपटलो.

पहिली ऑर्डर पुण्याची, एक किलो. कुरिअरच्या काउंटरवर काट्यानं एक किलो आणि थोडं वर दाखवलं, पण पोरगा टेप काढून खोका मोजू लागला. लांबी ३०, रुंदी २५, उंची २० सेंटिमीटर. गुणाकार करून ५००० नं भागलं, आले तीन किलो. बहुतेक कुरिअरवाले खरं वजन आणि हे आकाराचं वजन यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. म्हणजे एक किलो कुरोडी आणि दोन किलो हवा, भाडं दोघांचं मी भरलं. चार दिवसांनी फोटो आला. खाली लिहिलं होतं, "काका, कुरोड्या मागवल्या होत्या, चुरा पाठवला का?"

त्या फोटोनं मला जे शिकवलं ते कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. घरी काय चांगलं बनतं ते नंतर बघा, आधी बघा काय चांगलं पोचतं. संत्रा बर्फी चवीला कितीही भारी असली तरी मे महिन्यात घरगुती खोक्यातून पाठवायचं धाडस मी करणार नाही. मुगवड्या मात्र लहान, घट्ट, खोक्यात दडपून बसतात आणि आपटल्या तरी वड्याच राहतात. गोळाभाताचा मसाला तर पाकिटात विटेसारखा बसतो. मिरची कळमन्यातून आणतो, पाकिटं-पिशव्या इतवारीतून. कुरोड्या आता फक्त गावात, मी स्वतः स्कूटरवर पोचवतो. त्या निमित्तानं जुने सहकारी भेटतात, चहा होतो, नफा मात्र चहातच जातो.

वेबसाइटसाठी मी एकाला १८ हजार दिले. साइट सुंदर होती, वर्षभरात तिच्यावरून दोन ऑर्डर आल्या, त्यातली एक माझ्या भाच्याची. आज आमचा सगळा व्यवहार व्हॉट्सअॅप बिझनेसवर चालतो. कॅटलॉग आणि किंमत टाकायला पैसा लागत नाही. ग्रॅच्युइटीला हात न लावता जे सुरू होईल तेवढंच करायचं, असा घरात ठराव झाला आहे. ठराव बायकोनं मांडला, मी अनुमोदन दिलं.

किमतीचंही सांगतो, कारण मी लेखावाला असून चुकलो. डाळ, मसाला, पिशवी, खोका, कुरिअर, सगळं धरून किलोमागे ३८ रुपये उरत होते. मी खूश. बायकोनं विचारलं, "यात माझी मजुरी कुठे आहे?" गच्चीवर दोन तास वाकून बसणाऱ्या बाईची मजुरी मी शून्य धरली होती! आता मदतीला येणाऱ्या बाईंना जे देतो, तेच हिच्याही नावानं खर्चात टाकतो. भाव वाढवला. थोडी गिऱ्हाइकं गेली, पाठदुखीही कमी झाली.

कागदपत्रांना घाबरू नका, पण टाळूही नका. घरगुती असलं तरी खाण्याचा पदार्थ विकायला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत निव्वळ वजन, तारीख, किंमत, पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. जीएसटीत लोक हटकून फसतात. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की नोंदणी सक्तीची, मग विक्री कितीही थोडी असो. पापड करमुक्त, मसाला नाही. म्हणून हैदराबादचं पार्सल बांधण्याआधी सीएला गाठा. आणि आयकर विवरणाचा पेन्शनवाल्यांचा तो 'सहज' फॉर्म विसरा. धंद्याचं उत्पन्न आलं की 'सुगम' किंवा त्याहून मोठा फॉर्म भरावा लागतो.

एक फोन मात्र तुम्हाला नक्की येणार. "पाच किलो माल हवा, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका." बापा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही! पिन टाकला की पैसे जातात. मला फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात बायकोनं फोन काढून घेतला. चष्म्यामुळे वाचलो. कुणी फसलंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, कुणी तरी मघाशी विचारलं. आपल्यातल्या काही जणांनी एजंटाला दोन-दोन हजार दिलेत, असं कळलं. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. ज्यांना आज करायची आहे त्यांनी चहा झाला की मागच्या टेबलापाशी या. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन या, ओटीपी त्यावरच येतो. चष्मा विसरू नका. पाकीट खिशातच राहू द्या.