वावरातलं भोक आणि गावची विहीर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातले कोरपना, राजुरा, जिवती, तिकडे यवतमाळमधले वणी, झरी-जामणी. या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली चुनखडक आहे. सिमेंटचे कारखाने चालतात तोच हा दगड. कित्येक गावांचं पिण्याचं पाणीही यातूनच येतं.

पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवतं. हजारो वर्षांत भेगेची नळी होते, नळीची पोकळी होते. अशा भूरचनेला, स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावरून, कार्स्ट म्हणतात. मुरमातून पाणी झिरपत जातं आणि वाटेत गाळलं जातं. या पोकळ्यांत मात्र ते ओढ्यासारखं वाहतं. दमदार पाऊस झाल्यावर काही तासांतच विहीर गढूळ होत असेल, तर वावरातलं पाणी न गाळता आत शिरतंय असं समजा.

आता वावरातल्या त्या भोकाकडे या. पावसाळ्यात एखाद्या जागी माती खचते, कडेनं गोल भेग पडते, पाणी गरगर फिरत आत जातं. उपसा वाढून भूजल खाली गेलं की पोकळीवरच्या मातीचा आधार सुटतो, म्हणून अशी भोकं वाढतात. आपण काय करतो? पऱ्हाट्या, कचरा, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कधी मेलेलं जनावरही त्यात टाकतो. ते नजरेआड होतं खरं, पण त्याचा अर्क पाण्यात उतरतो. नुसती माती भरली तर पुढच्या पावसात तीही वाहून जाते.

भोक बुजवायचंच असेल तर तोंड दगड लागेपर्यंत मोकळं करा. तळाशी तोंडाच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठे धोंडे अडकवा, त्यावर लहान दगड, मग गिट्टी, मग जाड वाळू, शेवटी माती. मोठं खाली, बारीक वर. पाणी जातं, माती थांबते. मात्र नाल्याचं पाणीच तिथं उतरत असेल तर बुजवू नका. ते दुसरीकडे तोंड फोडेल. भोवती निदान ३० मीटर मारवेलसारख्या गवताचा पट्टा राखा. तिथं वखर नाही, खत नाही, फवारणीचा पंप धुणं तर नाहीच. उकिरडाही लांब हलवा.

युरियाचं गणित बघा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ किलो नत्र असतं. त्याचं नायट्रेट झालं की मातीचा कण ते धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते खाली जातं. सगळा युरिया एकदम फेकला तर पऱ्हाटीला पाते लागेपर्यंत त्यातला बराचसा वाया गेलेला असू शकतो, काही विहिरीतही पोचतो. म्हणून हप्त्यांनी द्या, ओळीजवळ मातीआड करा, आभाळ भरून आलं असेल तर थांबा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून देऊ नका.

शेणखतही निर्धोक नाही. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन गावात मुसळधार पावसानं शेतातल्या शेणखताचे जंतू भेगाळ खडकातून सार्वजनिक विहिरीत गेले. जंतू मारायला पाण्यात सोडतात त्या क्लोरीनवर लक्ष नव्हतं. २,३०० च्या वर माणसं आजारी पडली, ७ दगावली.

म्हणून विहिरीत ब्लीचिंग पावडर मापानं टाका. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर सुमारे २८ हजार लिटर पाणी होतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम चांगली पावडर लागते. बादलीत कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली वरखाली हलवा. तासभर कुणी पाणी भरू नये. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू तसेच राहतात.