रंगाच्या आधी पाणी शोधा

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बहुतेक जण स्वतःची गाडी स्वतः चालवतात, आणि निम्म्यांच्या दारात तरी टाटा 407 हा छोटा ट्रक उभा असणार. म्हणून तीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1986 साली ती बाजारात आणली आणि आजही वीस-पंचवीस वर्षांच्या 407 घाट चढताना दिसतात. तिचं इंजिन खोलायला आपण कचरत नाही. पत्रा आणि रंग म्हटलं की मात्र गाडी गॅरेजला सोडून मोकळे होतो. हे काम आपण स्वतः शिकावं असं मला मनापासून वाटतं. कच्चं काम झाकून टाकायला याच्याइतकी सोय दुसऱ्या कुठल्या कामात नसते, आणि आत काय आहे हे ज्याच्या हाताने झालं त्यालाच कळतं.

आठ वर्षं उलटली की मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. मग तारीख जवळ आली की काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. वरवर वायर ब्रश फिरतो, गंजलेल्या जागेवर पुट्टी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, थापली जाते, वर रंग. गाडी झकास दिसते, पास होते. एक पावसाळा गेला की दाराच्या खालच्या कडेला रंगाला फुगे येतात. आपण दोष देतो रंगाच्या डब्याला. खरं म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, तो आतून पुट्टीला ढकलून बाहेर काढतो. आणि पुट्टीत टाल्कची भुकटी असते, ती पाणी पिते. ओल तिथेच धरून ठेवायची सोय आपण स्वतःच केलेली असते.

तेव्हा पहिलं काम हातोड्याचंही नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे साठतं, ते शोधायचं. कोरड्या दिवशी केबिनवर होज पाइप सोडा आणि एकाला आत बसवा. पुढच्या काचेचं रबर कडक झालं असेल तर कोपऱ्यातून थेंब दिसेल, आणि ते पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर उतरतं. वर रबरी मॅट असते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दाराच्या खालच्या घडीत पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. चिखलाने, किंवा आधीच्या पेंटरच्या रंगाने, ती बुजलेली सापडतील. तारेने मोकळी करा. टपाच्या पन्हाळीचा जोड आणि पायरीच्या मागची बाजूही बघा. हौद्याचं निदान मालावरून होतं. रत्नागिरीहून मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारट पाणी फळ्यांखालच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, ठिबकलेलं असतं. रासायनिक खताच्या गाडीत सांडलेले दाणे कोपऱ्यात बसतात, हवेतली ओल ओढतात आणि पत्रा खातात. अशा गाडीच्या फळ्या काढून खाली पाहिल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका.

मग एक लोहचुंबक घ्या, त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथे तो पकडत नाही, तिथे खाली जाड पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा टणटण बोलतो आणि सडलेला भद्द वाजतो. तिथे टोक दाबून पाहायचं. आरपार गेलं तर जाऊ द्या, भोक आधीच होतं, फक्त रंगाने झाकलेलं होतं.

सडलेला भाग स्वच्छ, चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापायचा. इथे जीव थोडा होतो, हात आखडतो, पण अर्धा सेंटिमीटर गंज मागे ठेवला तर सगळी मेहनत वाया. बसवायचा तुकडा जुन्या पत्र्याच्या जाडीचाच घ्या. केबिनच्या पातळ पत्र्याला साध्या रॉडचं वेल्डिंग भोकं पाडतं, तिथे सीओटू, म्हणजे गॅसच्या आडोशात तारेने होणारं, वेल्डिंग हवं. ते येत नसेल तर एवढं काम वेल्डरकडून करून घ्या, शेजारी उभं राहून. सलग टाका मारू देऊ नका. एक ठिपका इकडे, दुसरा समोरच्या बाजूला, मध्ये थंड व्हायला वेळ, नाहीतर पत्रा उष्णतेने वाकडा होतो. बॅटरीच्या वायरी आधी काढा. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी नको, आणि रिकाम्या टाकीला तर कधीच वेल्डिंग नको, आतली वाफ पेट घेते. चासीच्या पट्टीला स्वतःच्या मनाने भोक पाडायचं नाही की वेल्डिंग मारायचं नाही, कारण सगळा भार ती उचलते.

पोचा काढताना सगळे मध्यभागी हाणतात. त्याने पत्रा ताणला जातो आणि मग दाबला की टकटक आतबाहेर होत राहतो. पोच्याच्या कडेने सुरुवात करा, मागे डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरा, हलक्या हाताने मध्याकडे या. तळव्याने चाचपडत राहा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटांना लागतो.

आता रंगाचे थर. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी. आपल्याकडे सर्रास रेड ऑक्साइड मारून त्यावर पुट्टी लावतात, पण पुट्टीतलं रसायन त्या प्रायमरला मऊ करतं आणि पकड सुटते. रेड ऑक्साइड इनॅमलखाली ठीक आहे, पुट्टीखाली नाही. पुट्टीत हार्डनर, म्हणजे ती कडक करणारं रसायन, शंभराला दोन भाग. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग वरच्या रंगातून डोकावतो. थर पातळ ठेवा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुट्टी लागत असेल तर अजून पत्रा ठोकायचं काम बाकी आहे. आणि पुट्टीवर पेपर कोरडाच मारा. पाणी घालून घासायची सवय मोडायला जड जाते, पण आत्ताच म्हटलं तसं पुट्टी पाणी पिते. 80 नंबरपासून सुरू करून 180, मग 320, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. त्यावर पुन्हा प्रायमर, आणि प्रायमर सुकला की काळ्या रंगाचा एकदम विरळ फवारा. मग 400 चा वॉटर पेपर, इथे पाणी चालतं. काळा रंग सगळीकडून निघून जिथे राहील, तिथे खड्डा आहे. आरसा हातात दिल्यासारखी गाडी स्वतःचे दोष दाखवते.

जुना रंग घासताना एक काळजी हात जोडून सांगतो. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 पासून लागू झाली, गाड्यांचे औद्योगिक रंग त्या नियमाच्या बाहेर राहिले. ती धूळ अंगणात उडवू नका. जुना रंग ओला करून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

शेवटचा रंग कुठला, हे मला सगळे विचारतात. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग टिकाऊ आणि चमकदार, यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलेलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच करत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर पीयूची गन हातात धरू नका. तयारी सगळी घरी करा आणि वरचे हात नीट व्यवस्था असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. नाहीतर सिंथेटिक इनॅमल ब्रशने लावा. काम करणाऱ्या ट्रकला ते शोभतं आणि ओरखडा पडला तर तुम्हीच दुरुस्त करू शकता. मात्र इनॅमलवर एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग मारू नका, त्याचा थिनर खालचा थर सुरकुतवतो. पावसाळ्यात तर कामच काढू नका. दिवाळीनंतर, सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा आणि ऊन उतरायच्या आत आवरा.

मागून कुणीतरी विचारलं, रंग बदलला तर चालेल का? आरसी बुकात रंगाची नोंद असते, त्यामुळे आधी आरटीओत अर्ज करून परवानगी घ्या, मगच डबा आणा. मूळ रंगच मारणार असाल तर तो प्रश्न नाही. चासी नंबरवर मात्र टेप लावूनच काम करा. पासिंगला त्याचा पेन्सिलने ठसा घेतात, आणि रंगाच्या थराखाली अक्षरं बुजली की खेटे सुरू होतात. रिफ्लेक्टर टेप काढली असेल तर नवी लावा, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रंग पूर्ण कडक झाल्यावरच लावा, नाहीतर ती सोलताना रंगही घेऊन येते.