एका अंशाचा घोळ

(दृश्य: नागपूर, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू. सात मजली इमारत, वर तापलेला स्लॅब.)

गच्चीपासून जमिनीपर्यंत साधारण साडेबावीस मीटर. एवढं अंतर खाली येताना गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाशाची वारंवारता वाढते. किती? एकावर पंधरा शून्यं द्या. त्यात जेमतेम अडीच भाग. 1960 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डच्या जेफरसन प्रयोगशाळेत एवढ्याच उंचीवर ती वाढ मोजली.

वर किरणोत्सारी कोबाल्ट-57 चा स्रोत. त्यातून निघतात लोह-57 चे गॅमा किरण, 14.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. खाली लोह-57 चा पातळ थर आणि त्यामागे आरपार आलेले किरण मोजणारा गणक. वारंवारता जुळली की थर किरण शोषतो, गणती घटते. मधली हवाही किरण खाते, म्हणून प्रयोगशाळेच्या मनोऱ्यात हेलियम भरलेली मायलार प्लॅस्टिकची लांबलचक पिशवी.

पण वर्णरेषेची, म्हणजे थर ज्या वारंवारता शोषतो त्या पट्ट्याची, रुंदीच या बदलाच्या शेकडो पट! रेषेच्या मध्यावर शोधून काही हाती लागत नाही. म्हणून स्रोत पुढेमागे हलवत, त्यानं वारंवारता किंचित बदलत, मोजणी रेषेच्या उतारावर नेली. तिथं रेषा जराशी सरकली तरी गणती बदलते.

(दृश्य: स्लॅबवर ठेवलेला तापमापक.)

खरी मेख तापमानात आहे. लोखंड तापलं की अणू जास्त थरथरतात आणि किरणांची वारंवारता घसरते. दर अंशाला सुमारे सव्वादोन भाग, त्याच पंधरा शून्यांत. म्हणजे वरचा स्रोत खालच्या थरापेक्षा जेमतेम एक अंश गरम असला, तरी गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जवळजवळ पुसला जातो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरकराला एका अंशाचं हसू येईल.

स्रोत आणि थर यांची अदलाबदल केली की दोघांच्या घडणीतला फरक वजा होतो. उष्णतेचा होत नाही: गच्ची गरम ती गरमच, अदलाबदलीत गुरुत्वाकर्षणाचा परिणाम उलटतो, तशी ही चूकही सोबतच उलटते. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) लावून तापमानातला फरक सतत नोंदवला आणि हिशेबात धरला. वर-खाली मिळून, त्याच पंधरा शून्यांत, अपेक्षा 4.92 भागांची, हाती आले 5.13, चुकीची मर्यादा दहा टक्के.

(दृश्य: 29 मे 1919, ब्राझीलमधलं सोब्राल. खग्रास सूर्यग्रहण.)

ऊन त्याआधीही नडलं होतं. आइनस्टाईनच्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणामुळे सूर्याच्या कडेला ताऱ्याचा प्रकाश 1.75 विकला (विकला म्हणजे कोनाच्या एका अंशाचा 3600 वा भाग) वळायला हवा. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीला प्रकाश पुरवणारा आरसा उन्हानं तापून विकृत झाला असावा. तारे अस्पष्ट उमटले आणि उत्तर आलं 0.93. चार इंची लहान भिंगानं दिलं 1.98. मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांच्या काचा बाजूला ठेवल्या गेल्या, त्यावर पुढं बरीच टीकाही झाली. 1979 मध्ये रॉयल ग्रिनिच वेधशाळेनं त्याच काचा यंत्रानं पुन्हा मोजल्या. उत्तर आलं 1.55.