डिसेंबरमध्ये सांगायला हवं होतं

नमस्कार. मराठी शाळा का बंद पडतात, यावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं. इंग्रजी माध्यमाचा ओढा वगैरे कारणं तुम्ही अनेकदा ऐकली आहेत, त्यांत मी वेळ घालवत नाही. कोथरूडमधल्या एका विनाअनुदानित मराठी शाळेची मी नऊ वर्षं खजिनदार होते. ती शाळा आता नाही. तिचा जमाखर्च माझ्या हातात होता, म्हणून त्याबद्दलच बोलते.

शाळेचं गणित आतून फार साधं असतं. तीस मुलांचा वर्ग बावीसवर आला, तरी बाई एकच लागतात. वर्ग तेवढाच, वीज तेवढीच, आमची शाळा ज्या बंगल्यात भरायची त्याचं भाडंही तेवढंच. आठ मुलांची फी मात्र गेलेली असते. चौथी झाली की पालक मोठं मैदान असलेली शाळा बघतात. त्यांना मी कधीच दोष दिला नाही. पण ही गळती दरवर्षी होते आणि पगार मात्र बारा महिने द्यायचे असतात.

त्यात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव, पंचवीस टक्के जागा. ती मुलं आमची होती आणि ती हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांच्या फीपोटी शासन शाळेला जे पैसे देतं त्यांचा. शासनाने एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये ठरवले होते, करोनाच्या २०२०-२१ या वर्षासाठी ते ८,००० वर आणले, आणि हे पैसे यायचे ते उशिराने, तुकड्यातुकड्याने. मोठ्या संस्थेकडे ठेवी असतात, ती वाट बघू शकते. आमच्याकडे पुढच्या महिन्याच्या पगाराइतकी शिल्लक राहिली तरी मला शांत झोप लागायची.

मग तूट भरली कोणी? शिक्षकांनी. आम्ही त्यांच्याकडून एक ओळ लिहून घेतली होती: ‘संस्थेची परिस्थिती लक्षात घेऊन मी स्वेच्छेने कमी वेतन स्वीकारत आहे.’ अशी चौदा पत्रं माझ्या फाइलमध्ये होती. एका बाईंनी ‘स्वेच्छेने’ हा शब्द लिहून खोडला होता आणि मग वर पुन्हा लिहिला होता. ते खोडलेलं अक्षर मी अनेकदा पाहिलं. त्यांना बोलावून विचारायचं धाडस मात्र मी केलं नाही.

त्या पत्रांमुळे हिशेब जुळला. न दिलेला पगार खर्चात धरला नाही, मग तूटही दिसली नाही. वार्षिक सभेत मी ताळेबंद वाचला, पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकालाही शाळा बुडते आहे हे कळायला मार्ग नव्हता.

पुण्यात आपण शिक्षकाच्या त्यागाबद्दल फार अभिमानाने बोलतो. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांबद्दल तो अभिमान मलाही आहे. पण याच मंडळींनी पुढे काढलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांचं, म्हणजे संस्था चालवणाऱ्या शिक्षकांचं, वेतन आणि त्यांची बाहेरची कमाई या प्रश्नांवरून किती कडाक्याचा वाद झाला, हेही लक्षात ठेवू या. त्या वादातूनच टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. त्या लोकांनी पैशाचा प्रश्न निदान टेबलावर ठेवून भांडून घेतला. आम्ही तो फाइलमध्ये ठेवला.

मग बंगला पुनर्विकासाला गेला. मालकांच्या मुलांनी भाडेकरार वाढवला नाही, आणि दुसरी जागा परवडणारी नव्हती. हे आम्हाला डिसेंबरमध्ये कळलं होतं. पालकांना आम्ही एप्रिलमध्ये सांगितलं. मधले चार महिने कोणी देणगीदार मिळेल या आशेवर गेले. आधी सांगितलं तर सगळे आत्ताच दाखले मागतील, फी थांबेल, अशी भीती होती. ती भीती खरीच होती. पण त्याच चार महिन्यांत आजूबाजूच्या शाळांचे प्रवेश भरत आले. दुसरीतल्या एका मुलाचे वडील, रिक्षा चालवणारे, मला म्हणाले, “मॅडम, मला जानेवारीत सांगितलं असतं तर मी रांगेत उभा राहिलो असतो.” त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे संस्था चालवणारे काही जण बसले आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शिक्षकांना खरोखर जो पगार द्यायला हवा, तो धरून एक हिशेब मांडा आणि तो पालकांसमोर वाचा. भांडणं होतील, काही मुलं जातील. काही पालक फी वाढवून द्यायला तयार होतील, एखादा वकील पालक भाडेकरार बघून देईल. शाळा तरीही बंद करावी लागली, तर दिवाळीनंतर लगेच सांगा.

आमच्या नववीच्या मुलांना दहावीसाठी नवी शाळा शोधायला लागू नये म्हणून पाच शिक्षकांनी आणखी एक वर्ष शिकवलं, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत. लग्नाच्या मुहूर्तावर बँड वाजायला लागला की सर फळ्यावर लिहून शिकवायचे. अकरा मुलं होती. त्या वर्षाचा पगार आम्ही पूर्ण दिला, शाळेची बाकं, कपाटं आणि प्रयोगशाळेचं सामान विकून. ‘स्वेच्छेने’ लिहिणाऱ्या बाई त्या पाचांत होत्या. पहिल्या महिन्याचा चेक त्यांनी हातात घेतला, रक्कम दोनदा वाचली, आणि मला म्हणाल्या, “एवढा असतो होय माझा पगार?”