मेलेला चोकच जास्त चावतो

हा स्क्रूड्रायव्हर मुद्दाम आणलाय. टोक बघा, उंदराने कुरतडल्यासारखं झालंय ना? ती माझीच करामत. आधी मी चोक दुरुस्त करताना त्यातला कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, डिस्चार्ज (रिकामा) करायचा म्हणजे दोन्ही पायांवर हा आडवा टाकायचो, फाट्‌ करून ठिणगी आणि आपण खूश. एकदा वितळलेला कण उडून चष्म्याच्या काचेत रुतला, काच बदलेपर्यंत तो डाग डोळ्यासमोरच होता. चष्मा नसता तर... जाऊ दे.

तर इलेक्ट्रॉनिक चोक, म्हणजे ट्यूबलाइट पेटवणारी आणि चालवणारी ती सर्किटची डबी. 230 व्होल्टची लाइन आत येते, डायोड तिचं डीसी करतात आणि मोठ्या कॅपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास साठतं, पॉवर फॅक्टर सुधारणारं जादा सर्किट असेल तर 400 पर्यंत. लोक म्हणतात, अहो पण प्लग काढलाय की! गंमत तिथंच आहे. चोक धडधाकट असेल तर प्लग काढल्यावर उरलेला चार्ज तो ट्यूबमध्येच खाऊन टाकतो. पण आपल्या टेबलावर धडधाकट चोक येतो कशाला? स्टार्टिंगचा रेझिस्टर ओपन झालाय म्हणजे आतून तुटलाय, ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीयेत, चार्जला बाहेर पडायला वाट नाही, मग तो तिथंच दबा धरून बसतो आणि आपण मेलाय म्हणून बिनधास्त बोट घालतो.

मी आता काय करतो, 10 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टर, त्याला दोन इन्सुलेशनवाल्या वायरी आणि प्रोब, ते कॅपॅसिटरच्या दोन पायांना टेकवायचे, बस. कॅपॅसिटर 22 मायक्रोफॅरॅडचा असला तर सव्वा सेकंदात रिकामा होतो, तरी मी मनात दहा आकडे मोजतो. मग मीटर डीसीवर ठेवून बघायचं आणि दोन-तीन मिनिटांनी परत बघायचं, कारण आतल्या डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे इन्सुलेशनच्या थरात, मुरलेला चार्ज हळूहळू वर येतो, शून्य दाखवलेल्या कॅपॅसिटरवर पुन्हा काही व्होल्ट दिसतात. मला आधी वाटलेलं मीटरच बिघडलाय.

आता हा मोठा कॅपॅसिटर बदलताना. हा इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा, प्लस-मायनस असलेला. त्यावर छापलेलं व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, कमी कधीच नाही, 400 च्या जागी 450 चालेल. आणि 105 डिग्रीवालाच घ्या, 85 वाला त्या बंद डबीत भाजून निघतो. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमान दर 10 डिग्री वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. पट्टी असलेला पाय मायनस, उलटा बसवलात तर तो फुटतो, आणि तेव्हा तोंड त्याच्यावर वाकलेलं नसलेलं बरं.

ट्यूबच्या दोन टोकांमध्ये एक छोटा फिल्म (प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा) कॅपॅसिटर असतो, बहुतेकदा 1000-1200 व्होल्टचा. तिथे ‘व्हॅल्यू तीच आहे ना’ म्हणून 400 वाला लावणारे भेटतात, ट्यूब पेटवतानाचं व्होल्टेज तो सहन करत नाही. लाइनच्या दोन वायरींमध्ये आडवा लागणारा कॅपॅसिटर एक्स टू (X2) असतो, म्हणजे थेट लाइनवर लावायला बनवलेला सुरक्षित प्रकार, त्या जागी एक्स टूच.

जुना लोखंडी चोक असेल, सोडियम-मर्क्युरी दिव्याचा वगैरे, तर त्याचा डबीसारखा कॅपॅसिटर एसीचा असतो, त्याच्या जागी इलेक्ट्रोलिटिक लावायचा नाही. त्यावरचा डिस्चार्ज रेझिस्टर तुटलाय का तेही बघा. अगदी 1970 च्या दशकातला माल असला आणि तेल पाझरत असेल तर तो उघडूच नका, आत पीसीबी असू शकतं. सर्किट बोर्ड नव्हे हो, पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, विषारी तेल. अमेरिकेत 1979 ला त्यावर बंदी आली.

सोल्डरिंग झालं की लगेच लाइनला लावायचं नाही, आधी सिरीज बल्ब, म्हणजे लाइनच्या एका वायरीच्या वाटेत बल्ब. 100 वॅटचा साधा फिलामेंटवाला, ट्यूब जोडूनच. क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, फुल पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग काढा. आणि पुन्हा हात घालण्याआधी तोच रेझिस्टर लावा, नवा कॅपॅसिटरही आता भरलेला असू शकतो.